मॅन पेज म्हणजे काय? आणि नेमकं कुणाचं वाचायचं?

फोनवर टर्मक्स टाकलं किंवा लॅपटॉपवर लिनक्स घेतलं की एक सल्ला हमखास मिळतो: 'आधी मॅन पेज वाच.' मॅन म्हणजे मॅन्युअल. टर्मिनलमध्ये 'मॅन' आणि पुढे कमांडचं नाव लिहिलं, की त्या कमांडची माहिती उघडते.

सुरुवात
युनिक्सचं पहिलं मॅन्युअल केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये काढलं. आधी नाव, मग वापरायची पद्धत, मग वर्णन, हा साचा आजही तसाच आहे.

फाइल कशी असते?
साधा मजकूर असतो. ओळीच्या सुरुवातीला टिंब आणि एक-दोन अक्षरं दिली की 'इथे शीर्षक', 'इथे नवा परिच्छेद' असं कळतं. या खुणा ट्रॉफ नावाच्या जुन्या प्रणालीतल्या. लिनक्सवर ग्रॉफ आणि ओपनबीएसडीवर मॅनडॉक हे प्रोग्राम त्या वाचतात. एकाच फाइलमधून टर्मिनलचं पान, वेबपेज आणि पीडीएफ, तिन्ही निघतात.

आपल्यापर्यंत कशी येते?
बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या पॅकेजमधूनच. म्हणून मशीनवरचं पान तुमच्याच व्हर्जनचं असतं. शिवाय इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे जरीपटक्यात लाइन गेली की वाय-फायही जातं, पण लॅपटॉपवर मॅन पेज चालूच असतं. डेबियन आपल्या पॅकेजमधली हीच पानं वेबवरही ठेवतं, प्रत्येक आवृत्तीची वेगळी. सी-डॅकची बॉस लिनक्स डेबियनवरच आधारलेली आहे, त्यामुळे तिथेही ती बरीच कामी येतात.

चुकीचं पान वाचलं तर?
'किलऑल' घ्या. लिनक्सवर ही कमांड दिलेल्या नावाचेच प्रोग्राम बंद करते. सोलारिसवर मात्र ती चालू असलेले सगळेच प्रोग्राम बंद करते! सर्व्हरवर रूट म्हणून चालवली तर काय होईल, विचार करा. नाव एक, सिस्टिम वेगळी, म्हणून काम वेगळं.

मी काय करतो?
आधी मशीनवरचंच पान बघतो. टर्मक्समध्ये मॅन नसेल तर मॅनडॉक पॅकेज टाकून घ्या. सर्च करून वेबवरचं पान उघडलंच, तर सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती आधी बघा. ते जुळलं तरच कमांड कॉपी करा.