हवाई लोकांचा आहार, व्यायाम आणि आयुर्मान

अळूची पाने आपल्या पंगतीला अपरिचित नाहीत. लग्नकार्यात अळवाची पातळ भाजी, श्रावणात अळूवडी. आणि दोन्ही वेळा त्यात चिंच पडली आहे ना, याकडे सुगरणीचे लक्ष, कारण चिंच विसरली तर घसा खवखवल्यावाचून राहत नाही. परंतु त्याच अळवाच्या जमिनीखालच्या कांद्याला आपल्याकडे पानाइतका मान नाही. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर मात्र एक समाज असा आहे, की ज्याने हा कांदा हेच आपले मुख्य अन्न मानले. इतकेच नव्हे, तर त्याला आपला थोरला भाऊ मानले. हवाई बेटांच्या त्या मूळ रहिवाशांचे अन्न, त्यांचे अंगमेहनतीचे जीवन आणि त्यांचे आयुर्मान यांचा इतिहास आज आपणांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

त्यांचा ‘कालो’ आणि आपला अळू ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच जात होय. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दी जोडनौकांतून या बेटांवर उतरले, तेव्हा त्यांनी कालो, रताळे, केळी, ऊस, नीरफणस, त्याचप्रमाणे डुकरे व कोंबड्या बरोबर आणल्या होत्या. हवाईची कथा अशी आहे की, आकाशपित्याच्या वंशात पहिले मूल जन्मले ते मृत. त्याला घराजवळ पुरले, आणि त्या जागी कालोचे रोप उगवले. पुढे दुसरे मूल झाले, ते मनुष्यरूपाने. दोघांचे नाव एकच, हालोआ. म्हणून कालो वडील आणि माणूस धाकटा. थोरल्याने धाकट्याला पोसावे आणि धाकट्याने थोरल्याची शेती राखावी. पोईचे भांडे उघडे असताना घरात भांडण करू नये, असा त्यांचा जुना शिरस्ता आहे. थोरला भाऊ समोर बसलेला असताना तोंड सोडायचे कसे? कुटुंबाला ते ‘ओहाना’ म्हणतात, तो शब्दही कालोच्या मूळ कांद्याला बाजूने फुटणाऱ्या कोंबाच्या नावावरून आलेला आहे.

आता ही पोई म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. गोव्याच्या श्रोत्यांनी आपली कोंड्याची पोई डोळ्यांसमोर आणू नये; नामसादृश्यापलीकडे त्यांचा संबंध नाही. डोंगरातून येणारे ओहोळ पाटाने वळवून, कोकणातल्या भातखाचरांसारखी खाचरे करून त्यांत कालो लावीत. कांदा जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर झाकून शिजवावयाचा; त्या भट्टीला ‘ईमू’ म्हणतात. मग सोलून लांबट लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटावयाचा. पुष्कळदा पाटाच्या दोन टोकांना दोन पुरुष समोरासमोर बसत आणि घाम गळेपर्यंत कुटीत. प्रथम जो घट्ट गोळा होतो तो ‘पाई-आई’. त्यात पाणी घालून मळले की पोई. ती एका बोटावर उचलता येते, की दोन बोटे लागतात, की तीन, यावरून तिचा दाटपणा ठरतो. दोन-तीन दिवसांत ती आंबते, आणि आंबट झालेली पोई अनेकांना अधिक आवडते. आंबील पिणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटू नये. पोईबरोबर मासे, समुद्रशैवाल, रताळी. सणावारी डुकराचे मांस. कालोच्याच पानांत मांस-मासे गुंडाळून शिजवलेल्या ‘लाउलाउ’ची आपल्या अळूवडीशी दूरची सोयरीक जोडावयास हरकत नाही.

या वर्णनात व्यायाम हा शब्द आम्ही कोठे वापरला नाही, हे श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. पाट खणणे, गुडघाभर चिखलात लावणी करणे, कुटणे, होडी वल्हवणे, जाळे ओढणे, एवढे झाल्यावर जेवण. वर्षातून सुमारे चार महिने ‘माकाहिकी’चा उत्सवकाळ असे. त्यात युद्धाला बंदी असून कुस्ती, मुष्टियुद्ध, दगडी चकत्या घरंगळविण्याचे खेळ चालत. आणि लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ तर राजापासून रयतेपर्यंत सर्वांचा. अन्न आणि श्रम यांची फारकत झालेली नव्हती. हा समाज सर्वथा सुखी होता, असे मात्र कोणी समजू नये. स्त्रियांनी पुरुषांबरोबर जेवावयाचे नाही, डुकराचे मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी खावयाची नाहीत, असे कडक निर्बंध होते. १८१९ साली तरुण राजा लिहोलिहो स्त्रियांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवला, तेव्हा एका जेवणाने सारी निर्बंधव्यवस्था कोसळली. पंगत आणि राज्यव्यवस्था यांचा संबंध आम्हां महाराष्ट्रीयांना समजावून सांगावा लागू नये.

१७७८ साली कॅप्टन कुकची गलबते आली आणि तेथून दुर्दैव सुरू झाले. परके रोग आले. गोवर, देवी यांनी गावेच्या गावे ओस पडली. स्वतः लिहोलिहो आणि त्याची राणी १८२४ साली लंडनला गेली असता गोवराने वारली. कुकच्या वेळी लोकवस्ती किती होती याबद्दल विद्वानांत वाद आहे, तरी ती काही लाखांत होती. १८९० च्या शिरगणतीत मूळ वंशाचे आणि मिश्र वंशाचे मिळून चाळीस हजारांच्या घरात लोक उरले होते. १८४८ पासून जमिनीची खाजगी वाटणी झाली. उसाच्या मळेवाल्यांनी डोंगरातले पाणी बोगदे आणि कालवे काढून आपल्याकडे नेले, खालची खाचरे कोरडी पडली. काही खाचरांत भात आला. १८९३ साली राणी लिलिउओकालानी पदच्युत झाली आणि १८९८ साली अमेरिकेने बेटे आपल्या राज्यास जोडली. पाणी गेले, मग कालो गेला, आणि कालोबरोबर ती कुटणारी, खणणारी देहाची सवयही गेली. आमच्या मते हवाई लोकांचे अन्न त्यांच्या आधीच परदेशी झाले. माणसे पुढे गेली.

माणसेही फार लवकर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून देवमाशांच्या शिकारी जहाजांवर आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील केसाळ कातड्यांच्या व्यापारात हवाई खलाशी व मजूर होते. कोलंबिया नदीकाठच्या फोर्ट व्हँकुव्हरच्या बाहेर त्यांच्या वस्तीला ‘कानाका व्हिलेज’ म्हणत. कानाका म्हणजे त्यांच्या भाषेत माणूस. तेथे कालो कोठला? त्याच किनाऱ्यावरून खारवलेला सामन मासा पिंपांत भरून होनोलुलूला येऊ लागला. आज टोमॅटो-कांद्याबरोबर चुरलेला ‘लोमी सामन’ हा परंपरागत हवाई पदार्थ म्हणून वाढला जातो. त्यातला मासा, टोमॅटो आणि कांदा, तिन्ही परके! १८८९ साली युटाच्या उजाड खोऱ्यात मॉर्मन धर्म स्वीकारलेल्या हवाई लोकांनी ‘इओसेपा’ नावाचे गाव वसविले. त्या कोरड्या कडाक्याच्या थंडीत कालो होणे नव्हते. १९१७ च्या सुमारास गाव उठले आणि बहुतेक लोक बेटांवर परतले.

परमुलखाचे अन्न देहाला काय करते, याचा दाखला याच बेटांवरच्या दुसऱ्या एका स्थलांतरित समाजाने दिला आहे. मळ्यांवर मजुरीस आलेल्या जपान्यांच्या वंशजांपैकी ८,००६ पुरुषांची पाहणी होनोलुलूत १९६५ साली सुरू झाली. जपानात राहिलेले, हवाईत आलेले आणि कॅलिफोर्नियात गेलेले अशी तुलना करता, हृदयविकार जपानात सर्वांत कमी, हवाईत मधला आणि कॅलिफोर्नियात सर्वांत अधिक आढळला. वंश एकच, पाट बदलला. याच पाहणीतले ६१ ते ८१ वयाचे, धूम्रपान न करणारे ७०७ निवृत्त पुरुष बारा वर्षे पाहिले गेले. रोज एक मैलाहून कमी चालणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के त्या काळात वारले, दोन मैलांहून अधिक चालणाऱ्यांपैकी २३.८ टक्के. १९९८ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. शतपावली घालणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते आवडतील. मात्र दोन मैल म्हणजे शंभर पावले नव्हेत, हेही त्यांनी लक्षात घ्यावे.

आता मूळ हवाई लोकांकडे वळू. दीर्घायुष्याबद्दल हवाई राज्याचा अमेरिकेत लौकिक आहे. पण २०१० च्या आयुर्मान-कोष्टकांत त्या राज्यातील चिनी वंशाच्या लोकांची अपेक्षित आयुर्मर्यादा ८७.८ वर्षे, तर ज्यांची ही भूमी, त्यांची ७६.६. एकाच हवेत, एकाच समुद्राकाठी अकरा वर्षांचे अंतर! दारिद्र्य, मधुमेह, हृदयविकार. आणि ताटात दोन गोळे भात, मॅकरोनीचे कोशिंबीरवजा सॅलड व महायुद्धापासून रुळलेले डबाबंद मांस.

१९८९ साली ओआहू बेटाच्या वाइआनाए किनाऱ्यावर डॉ. टेरी शिंतानी यांनी एक प्रयोग केला. वीस हवाई स्त्रीपुरुषांना एकवीस दिवस कुकपूर्व काळचा आहार दिला: कालो, पोई, रताळी, नीरफणस, पालेभाज्या, फळे, शैवाल, थोडे मासे व कोंबडी. पोटभर खा, एवढाच नियम. वजन सरासरी ७.८ किलो उतरले, रक्तातील कोलेस्टेरॉल १४ टक्क्यांनी कमी झाले. लोक अर्धपोटी राहिले नव्हते, हे येथे महत्त्वाचे. आमची शंका एवढीच की, एकविसाव्या दिवसानंतर काय? खाचरे थोडी उरली आहेत, म्हणून पोई महाग आहे, आणि गरीब माणूस डब्यातले मांस चवीसाठी नव्हे तर परवडते म्हणून घेतो.

व्यायामाच्या बाजूने जुना ठेवा म्हणजे हुला. सिनेमाने त्याचे जे रूप दाखविले ते विसरावे. गुडघे वाकवून तासन्‌तास चालणारे हे नृत्य म्हणजे शरीर आणि स्मरणशक्ती दोहोंची कसोटी आहे. १८३० साली राणी काअहुमानूने त्याच्या जाहीर प्रयोगांना बंदी केली; १८८३ साली राजा कालाकाउआने आपल्या राज्याभिषेकसोहळ्यात ते पुन्हा मानाने नाचविले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रक्तदाब ताब्यात नसलेले २६३ हवाई लोक होते. सहा महिन्यांच्या हुला-उपक्रमात भाग घेतलेल्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १५ अंशांनी उतरला. केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्यांचा सुमारे १२ अंशांनी. फरक लहान आहे, तो फुगवून सांगू नये. परंतु औषधाच्या गोळीपेक्षा हुलाच्या वर्गाला माणसे आनंदाने येतात, याची किंमत आकड्यांत धरलेली नाही.

२०२० च्या शिरगणतीत सुमारे ६ लाख ८० हजार लोकांनी आपण मूळ हवाई वंशाचे असल्याचे नोंदविले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक हवाईबाहेर राहतात. घरे आणि जमीन परवडेना, म्हणून ते मुख्य भूमीवर गेले. वाळवंटातल्या लास व्हेगासला ते थट्टेने ‘नववे बेट’ म्हणतात, कारण मोठी बेटे आठ. तेथे संध्याकाळी हुलाच्या शाळा भरतात, आणि लाउलाउबरोबर मॅकरोनीही वाढली जाते.

प्रवासाला मुळात पाई-आईच योग्य. पाणी न घातलेला तो गोळा तीच्या पानांत बांधून पूर्वज दूरच्या सफरींना नेत, कारण तो फार दिवस टिकतो. लाकडी पाटावर दगडाने हाताने कुटलेला हा पदार्थ विकावयास आरोग्यखात्याच्या नियमांचा अडथळा होता. तरुण मंडळींनी चळवळ केली, आणि २०११ साली हवाईच्या विधिमंडळाने कायदा करून त्या विक्रीस वाट मोकळी केली. तेव्हापासून शाळांतून आणि आठवड्याच्या बाजारांतून मुले समोरासमोर बसून पुन्हा कुटावयास शिकत आहेत. व्हेगासच्या घरांत मात्र पोई बहुधा गोठवलेल्या पिशवीतून येते. ती गरम पाण्यात सैल करतात, हाताने मळतात, आणि आंबट व्हावी म्हणून दोन दिवस झाकून ठेवतात.