जुन्या मिनी ट्रॅक्टरला हायड्रॉलिकचा जादा व्हॉल्व्ह बसवायचाय? आधी तेल कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा

मिनी ट्रॅक्टर घेताना डोळ्यांपुढे फवारणी आणि रोटाव्हेटर एवढंच असतं. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या ओळींतून फिरेल असा अरुंद, १८ ते २५ एचपीचा ट्रॅक्टर. मग काही वर्षांनी मिनी पलटी नांगर घ्यावासा वाटतो, शेणखत ओतायला डंपिंग ट्रॉली हवी असते. आणि अवजार दारात आल्यावर लक्षात येतं की त्याचे दोन पाइप जोडायला ट्रॅक्टरच्या मागे तोंडच नाही. लिफ्ट वरखाली होते, बास.

हे जे तोंड नाही, त्याला रिमोट हायड्रॉलिक म्हणतात. ट्रॅक्टरच्या बाहेर असलेल्या जॅकला ट्रॅक्टरचं तेल दाबाने पोचवणं, एवढंच त्याचं काम. ते करणारा व्हॉल्व्ह काही ठिकाणी ऑक्झिलरी व्हॉल्व्ह तर वर्कशॉपमध्ये डीसीव्ही या नावाने ओळखला जातो. नव्या ट्रॅक्टरवर तो कंपनीकडूनच घेता येतो. जुन्यावर तो नंतर बसवता येतो का? बहुतेक वेळा येतो. पण हे काम नळ जोडण्यासारखं समजून केलं, तर पंप फुटू शकतो.

पंप आहेच, प्रश्न वाटेचा आहे

लिफ्ट चालते याचा अर्थ ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक पंप आधीपासून आहे. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांवर तो गिअर पंप असतो. इंजिन फिरतं तोवर तो तेल ढकलतच राहतो, लिफ्ट वापरा की न वापरा. काम नसताना हे तेल लिफ्टच्या व्हॉल्व्हमधून मोकळं वाहून परत टाकीत पडतं. मिनी ट्रॅक्टरमध्ये ही टाकी म्हणजे बऱ्याचदा गिअरबॉक्सच.

पाटाचं पाणी आठवा. पाट सतत वाहत असतो, दारं धरणारा माणूस बांध फोडून ते हव्या त्या वाफ्यात वळवतो. वाफा भरला तरी पाणी येतच राहिलं तर ते सांडव्यावरून जायला हवं, नाहीतर पाट फुटेल. हायड्रॉलिकमधला हा सांडवा म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. ठरलेल्या दाबाला तो उघडतो आणि तेल टाकीत सोडून देतो. या सतत वाहत्या रचनेला ओपन सेंटर म्हणतात.

नवा व्हॉल्व्ह बसवायचा म्हणजे या पाटावर आणखी एक दारं बांधायचं. जागा पंपाच्या पुढे आणि लिफ्टच्या आधी. पंपाचं तेल नव्या व्हॉल्व्हमध्ये येतं, तिथे काम नसेल तर पुढे लिफ्टकडे जातं आणि मग टाकीत. बऱ्याच ट्रॅक्टरांवर कंपनीने पुढच्या लोडरचा विचार करून लिफ्टच्या ब्लॉकवर बुच लावलेली तोंडं ठेवलेली असतात. ती सापडली तर निम्मं काम झालं. नसतील तर पंपाकडून लिफ्टकडे जाणारा लोखंडी पाइप मध्ये तोडून दोन टोकं बाहेर काढावी लागतात. पॉवर स्टिअरिंग त्याच पंपावर असेल तर तेल स्टिअरिंगच्या पुढून घ्यायचं, आधी कधीच नाही.

या मांडणीचा एक परिणाम मालकाला पहिल्याच दिवशी जाणवतो. मागच्या जॅकचा लिव्हर ओढलेला असताना लिफ्ट वर येत नाही. हा बिघाड नव्हे. पाणी वरच्याच वाफ्यात वळवलं आहे, खालच्याला ते मिळणार कुठून?

चूक होते ती तिसऱ्या तोंडाशी

डीसीव्हीला कामाची दोन तोंडं असतात, ए आणि बी. जॅकचे पाइप त्यांना लागतात. याशिवाय एक तेल आत येण्याचं, म्हणजे पी, आणि एक टाकीकडे जाण्याचं, म्हणजे टी. व्हॉल्व्ह एकटाच असेल तर एवढं पुरतं. पण इथे त्याच्यापुढे लिफ्ट आहे, आणि लिफ्ट उचलताना त्या पाइपमध्ये पूर्ण दाब येतो. त्यासाठी वेगळं तोंड लागतं. त्याला पॉवर बियाँड म्हणतात.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक अशी: स्वस्तातला व्हॉल्व्ह आणला, त्याला पॉवर बियाँड नाही, म्हणून टी तोंडालाच लिफ्टचा पाइप जोडला. सुरुवातीला सगळं नीट चालतं, म्हणूनच ही चूक पसरते. पण व्हॉल्व्हची टाकीकडची बाजू दाब सोसायला बनवलेली नसते. लिफ्टवर वजन आलं की आतलं सील जातं, लिव्हरच्या बुडातून तेल झिरपतं, कधी बॉडीलाच तडा जातो. पॉवर बियाँडवाल्या व्हॉल्व्हचं टी तोंड मात्र थेट टाकीला जायला हवं, आणि त्या पाइपवर वाटेत कुठेही कॉक नको.

दुसरी गोष्ट सांडव्याची. ट्रॅक्टरचा मूळ रिलीफ व्हॉल्व्ह लिफ्टच्या ब्लॉकमध्ये असेल, तर नवा लिव्हर ओढताच तेलाची त्याच्याकडे जाणारी वाट बंद होते. जॅक टोकाला पोचला, लिव्हर ओढलेलाच राहिला आणि नव्या व्हॉल्व्हला स्वतःचा रिलीफ नसेल, तर तेलाला जायला जागा उरत नाही. मग पाइप, पंप आणि पंपाचा शाफ्ट यांत जे कच्चं असेल ते आधी फुटतं, आणि त्याला काही सेकंद पुरतात. म्हणून नव्या व्हॉल्व्हला स्वतःचा रिलीफ हवाच, आणि तो ट्रॅक्टरच्या मूळ दाबाइतका किंवा किंचित कमी ठेवायचा, तोही प्रेशर गेज लावून. जॅक उचलत नाही म्हणून स्क्रू आवळत जाणं हा घाईचा उपाय आहे आणि महागातला आहे.

मॅसीच्या घराण्याची गोष्ट वेगळी

वरचं सगळं ओपन सेंटरसाठी खरं आहे. हॅरी फर्ग्युसनच्या रचनेवर बनलेल्या जुन्या ट्रॅक्टरांना ते जसंच्या तसं लागू होत नाही. १९४६ पासून बनलेला फर्ग्युसन टीई-२० आणि पुढचे मॅसी फर्ग्युसन ३५ व १३५ यांत पंप गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर चालतो. मुख्य फरक असा की त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या तेल ओढण्याच्या बाजूला आहे. लिफ्टला तेल नको असेल तेव्हा पंपाला तेलच मिळत नाही, त्यामुळे सतत वाहणारा पाट तिथे नसतो. अशा ट्रॅक्टरला बाहेरचा व्हॉल्व्ह लावायचा तर लिफ्टचे लिव्हर सतत तेल देण्याच्या स्थितीत ठेवून, वरच्या कव्हरवरच्या तोंडातून तेल घ्यावं लागतं. शेजाऱ्याच्या मिनीवर चाललेली जोडणी पाहून इथे तशीच केली, तर हाती काही लागत नाही.

किती उचलेल, किती तेल लागेल

इथे साधा हिशेब कामाला येतो. समजा पंप मिनिटाला १५ लिटर तेल देतो आणि रिलीफ १५० बारला आहे. ५० मिमी बोअरच्या जॅकला या दाबाने सुमारे ३ टन जोर मिळतो. ४०० मिमी बाहेर यायला त्याला पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त तेल लागतं, म्हणजे ३ सेकंदांचं काम. नांगर पलटायला हे भरपूर झालं. जुना मिनी ट्रॅक्टर जोरात कमी पडत नाही.

तो कमी पडतो तेलात. डंपिंग ट्रॉलीचा टप्प्याटप्प्याने उघडणारा जॅक बघा. सरासरी ९० मिमी जाड आणि १.१ मीटर उघडणारा जॅक ७ लिटर तेल पोटात घेतो. ते तेल गिअरबॉक्समधून जातं. एवढ्या तेलाची सोय नसेल तर पातळी खाली जाते, पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि ट्रॉली अर्ध्यावर थरथरत थांबते. ट्रॅक्टर चढावर उभा असेल तर हे आणखी लवकर होतं. गिअरला मिळणारं तेल कमी होतं ते वेगळंच.

ट्रॉली अनेक ट्रॅक्टरांना लागत असेल तर आणखी एक भानगड. प्रत्येकाचं थोडं थोडं तेल तिच्या जॅकमध्ये राहतं आणि पुढच्याच्या गिअरबॉक्समध्ये पोचतं, मातीसकट.

लिव्हर टोकाला ओढून धरायची सवयही वाईट. १५ लिटर आणि १५० बार म्हणजे जवळपास ५ एचपी. रिलीफ उघडा असताना ती सगळी ताकद फक्त तेल तापवते.

जिथे मोठा जॅक किंवा लोडर आहे, तिथे पीटीओवर वेगळा पंप आणि वेगळी टाकी बसवणं जास्त शहाणपणाचं. मूळ तेलाला हातच लागत नाही. १२ व्होल्टचा पॉवर पॅक हाही एक मार्ग आहे, पण त्याची मोटर दीडशे अँपिअरच्या घरात करंट ओढू शकते. मिनी ट्रॅक्टरची बॅटरी हे अधूनमधून काही सेकंदच सोसते.

पाइप, आटे आणि टेफ्लॉन

पाइप दोन तारांच्या जाळीचा हवा. बाजारात तो आर-२ नावाने मिळतो. पाण्याच्या लाइनचं जीआय फिटिंग इथे चालत नाही, ते या दाबासाठी बनलेलं नसतं. टेफ्लॉन टेपही टाळलेली बरी, तिचा एक तुकडा व्हॉल्व्हचा स्पूल अडकवायला पुरतो.

फसवणारी गोष्ट म्हणजे आटे. अर्ध्या इंचाच्या बीएसपी आणि एनपीटी या दोन्ही प्रकारांत इंचाला १४ च आटे असतात. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर काही फेरे सहज चढतो. पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. कितीही आवळा, ते गळणारच.

सुईएवढं भोक

गळती शोधायला हात फिरवू नका. १५० बारच्या पाइपला सुईएवढं भोक पडलं तर त्यातून निघणारं तेल कातडी भेदून आत जातं. बाहेर दिसतो फक्त एक लाल ठिपका, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र तेल पसरत जातं आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. अशा वेळी मलम लावून सकाळची वाट बघायची नसते. थेट मोठ्या दवाखान्यात जायचं आणि दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळून फिरवला की पुरतं, तेल त्यावर उमटतं.

उचललेल्या ट्रॉलीखाली वाकायचं असेल तर आधी लोखंडी टेकू लावायचा. जॅकमध्ये तेल आहे म्हणून ट्रॉली वर आहे. एक पाइप सुटला की ती खाली येते, आणि हळू येत नाही.

अवजार सोडतानाही एक सवय लावून घ्यावी लागते. अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर दोन्ही बाजूंना दोन-तीनदा हलवून पाइपातला दाब मोकळा करायचा. मगच कपलिंग काढून त्यावर टोपी घालायची. हे विसरलं की उन्हात पडलेल्या पाइपातलं तेल तापून फुगतं आणि दुसऱ्या दिवशी कपलिंग काही केल्या आत बसत नाही. मग लोक त्यावर हातोडी मारतात.