चरबी : कोठार की ग्रंथी?

अंतःस्रावी ग्रंथींची आकृती आपण फळ्यावर काढतो तेव्हा पीयूषिका, अवटू, अधिवृक्क, स्वादुपिंड ही नावे येतात. चरबीचे नाव त्यात नसते. चरबी म्हणजे कोठार. उरलेले अन्न साठवायचे आणि उपासमारीत वापरायचे, एवढेच तिचे काम. ही समजूत ढासळली ती उंदरांमुळे.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे दोन प्रकारचे जन्मजात लठ्ठ उंदीर आढळले. 'ओबी' उंदरांची नोंद १९५० साली झाली, 'डीबी' उंदरांची १९६६ साली. डीबी उंदरांना तीव्र मधुमेहही होई. डग्लस कोलमन यांनी एक डीबी व एक सडपातळ उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे एकाचे थोडे रक्त दुसऱ्यात जाऊ लागले. सडपातळ उंदराने खाणे सोडले व तो उपासमारीने मेला. डीबी खातच राहिला. पुढे ओबी व डीबी जोडले, तर ओबी उपाशी मेला. (येथे थांबून विद्यार्थ्यांना विचारावे, यावरून काय निष्कर्ष निघतो? आमच्या मते तर्कशुद्ध विचाराचा याहून चांगला धडा जीवशास्त्रात क्वचितच सापडेल.) डीबीच्या रक्तात 'आता पुरे' असे सांगणारा पदार्थ भरपूर असतो, पण त्याचे शरीर तो निरोप ऐकत नाही. ओबी निरोप ऐकू शकतो, पण त्याच्याकडे तो पदार्थ तयारच होत नाही.

हा पदार्थ १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडला. त्याचे नाव लेप्टिन, आणि तो बनतो चरबीच्या पेशींत! कोठारच निरोप पाठवत होते.

खरे तर चरबीचा एक स्राव त्याआधीच हाती आला होता. १९८७ साली ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने मेदपेशींतून स्रवणारे ॲडिप्सिन हे प्रथिन लठ्ठ उंदरांत फारच कमी असल्याचे दाखवले. १९९२ साली कळले की माणसातील ॲडिप्सिन म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतील 'घटक डी' हे आधीच माहीत असलेले प्रथिन. मग चरबीला त्याचे काय काम? उत्तर मिळेना, आणि लेप्टिनच्या गाजावाजात ॲडिप्सिन मागे पडले.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. स्वादुपिंडातील बीटा पेशी जास्त इन्शुलिन स्रवून वर्षानुवर्षे ती उणीव भरून काढतात. त्या थकल्या की रक्तातली साखर चढते. लठ्ठ असूनही अनेकांच्या बीटा पेशी टिकतात, काहींच्या हरतात. असे का?

या कोड्याचा एक धागा २०१४ साली जेम्स लो, स्पीगलमन व सहकाऱ्यांना मिळाला. ॲडिप्सिनमुळे रक्तातल्या एका प्रथिनाचा 'सी३ए' हा तुकडा सुटा होतो. तो बीटा पेशींना भिडला की साखरेच्या उपस्थितीत त्या अधिक इन्शुलिन सोडतात. डीबी उंदरांना ॲडिप्सिन पुरवल्यावर त्यांचे इन्शुलिन वाढले, साखर उतरली. ज्या मधुमेही रुग्णांच्या बीटा पेशी निकामी होत आल्या होत्या, त्यांच्या रक्तातही ॲडिप्सिन कमी आढळले. गंमत अशी की लेप्टिन नेमके उलट वागते : १९९० च्या दशकातील काही प्रयोगांत त्याने बीटा पेशींचा स्राव आवरला होता. एकाच ऊतीतून स्वादुपिंडाला दोन निरोप जातात, एक लगाम आणि एक चाबूक.

२०१९ साली लो यांच्या गटाने आणखी दाखवले की मधुमेही उंदरांत ॲडिप्सिन बीटा पेशी मरण्यापासून वाचवते, आणि ज्या माणसांच्या रक्तात ते अधिक होते त्यांना पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण कमी होते. माणसांबाबतचा हा पुरावा सहसंबंधाचा आहे, उपचाराचा नव्हे. उंदरांचा मात्र प्रत्यक्ष प्रयोगाचा.