किमची की किमुची?

सप्टेंबर २०२१मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने एका दमात कोरियाशी निगडित २६ शब्द घेतले. हानबोक हा पोशाख, किंबाप हा पदार्थ, असे. श्रेय गाण्यांना आणि मालिकांना मिळालं, ते योग्यच. पण आपण जरा मागं जाऊ.

१९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती. राजधानी सोलचं अधिकृत नाव 'केइजो' झालं. १९४०पासून माणसांनाही जपानी धर्तीची नावं घ्यायला लावली. आता बघा, ज्यांची स्वतःची नावं हिरावली गेली, त्यांना पदार्थाचं नाव क्षुल्लक कसं वाटेल?

म्हणून १९९०च्या दशकातला किमचीचा वाद समजून घ्यायला हवा. जपानी उत्पादक न आंबवलेली 'किमुची' विकू लागले. कोरिया हा प्रश्न घेऊन आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाकडे गेला. २००१मध्ये मानक ठरलं. त्यात आंबवणं आलं आणि नाव राहिलं 'किमची'.

दुसरं उदाहरण 'चेबोल', म्हणजे घराण्यांच्या ताब्यातले उद्योगसमूह. जपानी 'झाइबात्सु' आणि हा शब्द म्हणजे एकाच चिनी अक्षरजोडीचे दोन उच्चार. इंग्रजीत आधी जपानी उच्चार आला, कोरियन मागून.

आणि 'फायटिंग'? हा तर मूळ इंग्रजीच! कोरियात जाऊन त्याचा अर्थ झाला 'लढ, आम्ही आहोत!' २०२१च्या यादीत तो याच अर्थानं परतला. सासरचं वळण घेऊन लेक माहेरी यावी, तसा.

तेव्हा उसना शब्द दिसला, की एवढंच विचारा: तो कुणाच्या उच्चारात आला?