मार्चची बिअर, शरदातला घोट

मग दोन्ही हातांनी उचला. भाजक्या मातीचा, राखाडी, जाड मग. रिकामा असतानाच मनगटाला जाणवतो, आता तर काठोकाठ भरलाय. साल 1872. तुम्ही म्युनिकच्या थेरेसिएनवीजे मैदानावर आहात आणि शरद ऋतू सुरू झालाय. पश्चिमेच्या टेकाडावर बाव्हेरियाचा 18 मीटरहून उंच ब्राँझचा पुतळा ओकच्या पानांचा मुकुट वर धरून उभा आहे. 1810 मध्ये युवराज लुडविग आणि थेरेसा यांच्या लग्नानिमित्त इथे घोड्यांची शर्यत झाली आणि तिचीच पुढे जत्रा झाली. कोंबडी भाजल्याचा वास शोधू नका, ती इथे यायला अजून नऊ वर्षं आहेत. पुढच्या वर्षी तर कॉलऱ्यामुळे जत्राच भरणार नाही. तेव्हा आज मनसोक्त चाखून घ्या.

तुम्ही मिखाएल शॉटेनहामेलच्या मांडवात बसला आहात. उन्हाळा कडक गेल्यामुळे त्याच्याकडची नेहमीची गडद बिअर, म्हणजे डुंकेल, संपत आलीय. तुमच्या हातात आहे ती तीच.

रंग दिसत नाही ना? काचेचे मग या मैदानावर यायला अजून वीस वर्षं लागतील. मग थोडा कलता करा. फेस एका बाजूला सरकेल आणि कडेशी तपकिरी पट्टी उजळेल, तेवढीच. आता घोट घ्या. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी खमंग चव आधी लागते, मग थोडा गोडवा, आणि कडवटपणा जेमतेम. मोड आणलेली बार्ली चांगल्या कडक आचेवर वाळवली की ही चव येते. पोटभरीची, ओळखीची बिअर. म्युनिककर पिढ्यान्‌पिढ्या हीच पीत आलेत.

आता दुसरा मग. ही बिअर जोसेफ सेडलमायरच्या फ्रान्सिस्कानर-लाइस्ट ब्रुअरीतून आलीय, आणि ती महाग आहे. मग कलता करा. या वेळी फेसाखालची पट्टी तांबूस, अंबरी दिसते. पहिला घोट जिभेवर गोडसर उतरतो. बार्लीचा खरपूसपणा इथेही आहे, पण मोकळा, करपल्याची छटा नसलेला. खरी कमाल गिळल्यानंतर कळते: तोंडात गोडवा रेंगाळत नाही, शेवट कोरडा, स्वच्छ. डुंकेलपेक्षा ही कडक आहे, तरी हलकी वाटते. माझ्या मते या मांडवातली सगळ्यात समंजस बिअर हीच.

तो अंबरी रंग व्हिएन्नाकडचा. जोसेफचा भाऊ गाब्रिएल आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेहर, हे दोघे तरुणपणी 1833 मध्ये ब्रिटनमधल्या ब्रुअरी पाहत हिंडले होते. आतून पोकळ केलेल्या काठीतून ते चोरून नमुने न्यायचे! बार्ली गरम हवेवर, सौम्य आचेनं वाळवायची रीत त्यांनी तिथे नीट पाहिली. 1841 मध्ये ड्रेहरची नवी बिअर आली आणि त्याच सुमारास म्युनिकमध्ये गाब्रिएलची मेर्त्सेन, म्हणजे मार्चची बिअर. तुमच्या दुसऱ्या मगातली बिअर याच जातीची.

पण तो कोरडा शेवट कुठून आला हे समजायचं, तर सहा महिने मागे, मार्चमध्ये चला. अंगावर जाड कोट घ्या. जमिनीखालचं तळघर, भिंतींना ओल, तळ्यांवरून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या, आणि अंधारात पिंपांच्या रांगा. वर चेस्टनटची झाडं लावलीत. उन्हाळ्यात त्यांची रुंद पानं तळघरावर सावली धरतील, आणि त्यांची मुळं खोल जात नसल्यानं कमानींना धक्का लागणार नाही. उन्हाळ्यात बिअर आंबते, नासते. म्हणून 1553 च्या फर्मानानं ती फक्त 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल या काळातच बनवायला मुभा होती. बंदी 1850 मध्ये उठली, पण ऊन काही उठलं नाही. त्यामुळे मार्चमधली बिअर अजूनही मुद्दाम कडक करतात, हॉप सढळ हातानं घालतात आणि पिंपं थंडाव्यात मुरत ठेवतात. यीस्ट सगळा उन्हाळाभर उरलेली साखर सावकाश खात राहतं. तुम्ही चाखलेला कोरडेपणा म्हणजे त्या गार महिन्यांचं काम आहे. कोणतीही घाई करून तो आणता येत नाही.

शरदात नव्या हंगामाचं काम सुरू होतं, त्याआधी जुनी पिंपं रिकामी करावी लागतात. म्हणून हा ऋतू पिण्याचा.

आता थेट आजच्या थेरेसिएनवीजेवर या. मग काचेचा झालाय, पूर्ण लिटरचा, आणि आतली बिअर सोनेरी, फिकट. शहरातल्या सहाच ब्रुअरींना इथे विकायला परवानगी आहे. ही बिअर लवकर घशाखाली उतरते आणि दुसरा मग सहज मागवला जातो, त्यात नवल नाही. पण मार्चच्या तळघराची आठवण जिभेला होत नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. आयिंगर, हाकर-प्शोर यांच्या मेर्त्सेनच्या बाटल्या मात्र अजून मिळतात. मिळाली तर एक डुंकेलही घ्या, दोन्ही फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, कारण फार गार बिअरला चव लागत नाही. आधी डुंकेल प्या. मेर्त्सेन आधी प्यायलात, तर नंतरची डुंकेल पातळ आणि जडशीळ दोन्ही वाटेल.