गोधडीकाम

कापडाचे दोन किंवा अधिक थर एकमेकांवर पसरून ते हाताच्या धावदोऱ्याने अथवा यंत्राच्या टिपेने एकजीव करण्याची शिवणकला. थरांमध्ये पुष्कळदा पिंजलेला कापूस घालतात. महाराष्ट्रातील गोधडीत मात्र बहुधा जुन्या लुगड्या-धोतरांचेच थर असतात. गोधडीस काही भागांत वाकळ, तर तान्ह्या मुलाच्या गोधडीस दुपटे म्हणतात. कापूस भरलेली ती दुलई किंवा रजई होय. या कलेतील टाका मुळात शोभेसाठी नसतो; थर सरकू नयेत व कापसाचे गोळे होऊ नयेत, यासाठी तो घातला जातो. त्यामुळे गोधडीवरील नक्षी ही भरण, उपयोग आणि शिवण्याचे साधन या तिन्ही गोष्टींनी ठरत आली आहे.

चिंध्या जोडून केलेल्या वस्त्रास संस्कृतात कंथा म्हणतात. विरक्तांचे वस्त्र म्हणून तिचे उल्लेख आढळतात. बंगालमधील कांथा हे नाव तिच्याशीच संबद्ध मानले जाते. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापारी सातगाव व हुगळी परिसरातून रेशमी भरतकामाच्या रजया यूरोपात नेत. यूरोपातील उपलब्ध जुन्या नमुन्यांत चौदाव्या शतकातील सिसिलीची, ट्रिस्टनच्या कथेची चित्रे असलेली रजई प्रसिद्ध असून ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

महाराष्ट्रात या कामाचा संबंध केवळ अंथरुणाशी नव्हता. मराठे घोडेस्वार कापूस भरून शिवलेला अंगरखा वापरीत, असे वर्णन जेम्स ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) केले आहे. घोड्याचे खोगीरही भरून शिवलेले असे. निरुपयोगी भर या अर्थाचा ‘खोगीरभरती’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. नंदुरबार जिल्ह्यातील (स्थापना १९९८) तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीपासून भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून तेथे घोड्यांबरोबर त्यांचे साजही विकले जातात. खोगिराखालच्या गादीचे भरण सारखे बसणे अत्यावश्यक असते. त्यात गोळा वा चुणी राहिल्यास घोड्याच्या पाठीला जखम होते. म्हणून तिच्यावर जवळजवळ घातलेल्या सरळ ओळी उपयुक्त ठरतात. पांघरुणास मऊपणा हवा असल्याने त्याच्या ओळी विरळ ठेवता येतात.

तापीखोऱ्यातील काळ्या जमिनीत कापूस विपुल पिकतो. पिंजारी पिंजणाच्या तातीने तो मोकळा करून गाद्या व रजया भरीत. घरोघरी स्त्रिया मात्र जुनी सुती वस्त्रे पसरून गोधड्या शिवीत. अनेक गोधड्यांत धावदोरा कडेपासून आरंभ होऊन आतआत वळत मध्याशी संपतो, त्यामुळे एकात एक चौकटी उमटतात. हे काम कागदावर न आखता डोळ्यांच्या अंदाजाने होत असे.

शिवणयंत्राने हा क्रम बदलला. एलियस हाउ (१८४६) व आयझॅक सिंगर (१८५१) यांच्या एकस्वांनंतर ॲलन विल्सन याने १८५४ मध्ये कापड पुढे सरकविणाऱ्या दात्यांची सुधारित योजना केली. भारतात १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे बनविण्यास प्रारंभ केला. दात्यांमुळे टाके समान व जलद पडतात. परंतु खालचा थर वरच्यापेक्षा पुढे ओढला जाऊन चुण्या पडतात. शिवाय प्रत्येक कोपऱ्याशी संपूर्ण गोधडी फिरवावी लागते. परिणामी यंत्रावरील गोधड्यांत एकमेकींस समांतर अशा सरळ ओळींचे प्राबल्य वाढले.

यावर उपाय म्हणजे मुक्त टीपकाम. यात दाते खाली घेतात अथवा पत्र्याने झाकतात, कापडावर हलका टेकणारा पाय लावतात आणि कापड हातांनीच सरकवितात. रिंग लावून यंत्रावर करावयाच्या भरतकामाचे तत्त्व हेच होय. सिंगर कंपनीने त्याची मार्गदर्शिका १९११ मध्ये काढली होती. रजईकामात या पद्धतीस प्रतिष्ठा उशिरा लाभली. अमेरिकेतील पॅड्यूका येथील प्रदर्शनात १९८९ साली यंत्राने शिवलेल्या रजईस प्रथमच सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

या पद्धतीत टाक्याची लांबी हाताचा व सुईचा वेग यांच्या मेळावर अवलंबून असते. हात वेगाने फिरल्यास टाके लांबतात, रेंगाळल्यास दाटतात. पायाने चालणाऱ्या यंत्रावर दोन्ही हात मोकळे राहतात व वेगही ताब्यात राहतो. नवशिक्याने नक्षी प्रथम कागदावर पेन्सिल न उचलता गिरवावी, नंतर त्याच जाडीच्या टाकाऊ थरांवर सराव करावा. सेंटिमीटरला तीन ते चार टाके हे प्रमाण साधारणतः योग्य ठरते. शिवण मध्यापासून कडेकडे नेल्यास चुण्या बाहेर सरकतात. नक्षी निवडताना दोरा न तोडता पुरी होणारी रेषा पसंत करावी व सर्वत्र ओळींतील अंतर सारखे ठेवावे. एका जागी दाट व शेजारी विरळ शिवण पडल्यास गोधडी आकसते. सैल कापसास जवळची शिवण लागते.

या दृष्टीने गोधडीची एकात एक चौकट हा आदर्श नमुना होय. ती मुळातच अखंड रेषा आहे. मुक्त टीपकामात कापड न फिरविता चारही दिशांना सरकत असल्याने तीच रेषा मध्याकडून उलट क्रमाने शिवता येते. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धाग्यांच्या साड्या रूढ झाल्यापासून मऊ सुती थर दुर्मिळ झाले, तर तयार ब्लँकेटांमुळे घरगुती शिवणही घटली. शिवाय झिजलेली गोधडी नव्या गोधडीचा आतला थर होत असल्याने जुने नमुने फारसे उरत नाहीत. त्यांच्या ओळींची मापे व रेखाटने करून ठेवणे त्यामुळे निकडीचे ठरते.