पान कोण वाढणार? जोडीने धर्म सांगत फिरण्याच्या रिवाजाची कुळकथा

सकाळी साडेसहाला उठायचं, थोडा व्यायाम, मग धर्मग्रंथाचं वाचन आणि नंतर दिवसभर पायी किंवा सायकलवर अनोळखी दारं ठोठावायची. रात्री नऊ-साडेनऊला खोलीवर, साडेदहाला दिवा बंद. मॉर्मन पंथाच्या मिशनरी पोरांचा दिवस वर्षानुवर्षं साधारण असाच ठरलेला आहे. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. मुलग्यांच्या अंगात बहुधा पांढरा शर्ट, सगळ्यांच्या छातीवर काळी नावपट्टी, हाक मारायची ती आडनावाने, पुढे ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ लावून. कपडे धुणं, बाजारहाट, घरी पत्र लिहिणं यासाठी आठवड्यातला एक दिवस, सहसा सोमवार. 2019 पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, आता दर आठवड्याला बोलता येतं. या सगळ्यात एक नियम मात्र आजही सैल झालेला नाही. एकट्याने कुठेही जायचं नाही. नेमून दिलेला जोडीदार चोवीस तास सोबत हवा, मग तो आवडो वा न आवडो.

हा रिवाज आला कुठून, आणि आपल्या मुलखात आल्यावर त्याचं काय झालं, याची कथा मला फार दिवसांपासून सांगायची आहे. तिचा शेवटचा धागा जालन्याजवळच्या एका वस्तीत सापडतो.

मूळ बायबलमध्ये आहे. येशूने शिष्यांना दोन-दोन करून गावोगाव पाठवलं आणि बजावलं, की थैली घेऊ नका, पैसे घेऊ नका. जे घर तुम्हांला आत घेईल तिथे राहा, ते वाढतील ते खा. न्यूयॉर्क राज्यात 6 एप्रिल 1830 रोजी जोसेफ स्मिथ यांनी हा नवा पंथ स्थापन केला, तेव्हा त्यांच्यासमोर हाच नमुना होता. पहिला मिशनरी, त्यांचा धाकटा भाऊ सॅम्युअल, मात्र एकटाच निघाला होता. पाठीवर पुस्तकांची पिशवी, आणि पहिल्याच फेरीत एका खाणावळवाल्याने त्याला बाहेर काढल्यावर रात्र सफरचंदाच्या झाडाखाली गेली. पुढच्या वर्षी, 1831 मध्ये, जोडीने जाण्याचा आदेश निघाला आणि 1832 मध्ये थैलीविना जाण्याचा. पोरांना दारोदार पाठवण्यामागे एक पारख होती. जो उपाशी पाहुण्याला जेवू घालतो, तोच त्याचं म्हणणं ऐकेल. अमेरिकेतल्या एकट्या-दुकट्या शेतघरांत आणि नंतर इंग्लंडातल्या गिरणगावांत ही पारख चालली, कारण तिथे दार उघडणारा आणि दार ठोठावणारा एकाच पंगतीत बसू शकत होते.

आपल्याकडे भिक्षेवर जगून धर्म सांगत फिरणं नवं नव्हतं. बुद्धाने भिक्षूंना नेमकं उलटं सांगितलं होतं, की दोघांनी एका वाटेने जाऊ नका. तेवढ्याच माणसांत जास्त गावं होतील. तेराव्या शतकात चक्रधरांनी आपल्या अनुयायांना चारी वर्णांच्या घरची भिक्षा घ्यायला सांगितलं. त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती ती! त्यांच्या महानुभाव पंथाचं जाळीचा देव हे ठाणं आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला डोंगरात आहे. आणि याच जिल्ह्यातल्या जांब गावी 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी भिक्षेचं शास्त्रच लिहून ठेवलं. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर अख्खा समास आहे. भरपूर वाढलं तरी थोडंच घ्या, आणि भिक्षेच्या निमित्ताने माणसं पारखून घ्या, असा त्याचा रोख आहे. जांबच्या या माणसाने दोन शतकं आधी जे ओळखलं, तेच अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या पोरांना वेगळ्या वाटेने गवसलं होतं.

म्हणजे झोळी घेऊन आलेल्याला आपली माणसं ओळखत होती, त्याला वाढतही होती. तरीही मॉर्मनांचा रिवाज इथे रुजला नाही. का, ते नीट पाहायला हवं.

ऑगस्ट 1852 मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका खास सभेत शंभरच्या आसपास पुरुषांची नावं वाचली गेली आणि त्यांना जगभर धाडण्यात आलं. त्यांतले तेरा जण एप्रिल 1853 मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरले. त्याच महिन्यात मुंबई-ठाणे रेल्वे धावली होती. मुंबईत त्याआधीच, 1852 मध्ये, ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन येऊन पोहोचला होता. बायको-पोरं मागे ठेवून परक्या मुलखात आलेल्या या माणसाविरुद्ध मुंबईची वर्तमानपत्रं आणि पाद्री दोघेही उभे राहिले. 1853 मध्ये तो पुण्याला गेला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत सभा घ्यायला मज्जाव केला. तरी त्याच वर्षी सप्टेंबरात बारा जणांची छोटी मंडळी उभी राहिली. जोतीराव फुले मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा चालवत होते, तेच हे पुणं. फिंडले मराठी शिकला आणि 1855 मध्ये मराठी लोकांना उद्देशून त्याने एक पुस्तिका काढली.

या फिंडलेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण त्याचा दिवस जात होता तो मुख्यतः गोऱ्या शिपायांत आणि कारकुनांत. थैलीविना फिरण्याचा नियम हिंदुस्थानात जवळजवळ कुणालाच पाळता आला नाही. ज्यांना पैसे नसलेला गोरा माणूस म्हणजे लाज वाटे, ते इंग्रज त्याला दारात उभं करीनात. आणि इथला शेतकरी साधूला भाकरी देई, पण साहेबाला काय म्हणून देणार? त्याच्या नजरेत तो सत्ताधाऱ्यांचा माणूस, त्याच्या हाती झोळी शोभायची नाही. शिवाय ताटाचा प्रश्न. कुणी कुणाच्या घरचं पाणी प्यावं, कुणाच्या पंगतीला बसावं, यावर जिथे माणसाची जात ठरते, तिथे ‘वाढतील ते खा’ हा नियम पाळायचा म्हणजे यजमानाला जातीबाहेर काढायचं. चक्रधरांच्या भिक्षूला चारी वर्णांतून अन्न मिळत होतं, कारण देणाऱ्याला त्याच्याबरोबर जेवावं लागत नव्हतं. मॉर्मनाला एकत्र बसायचं होतं. 1856 पर्यंत बहुतेक सगळे मिशनरी परतले आणि पुण्या-मुंबईतली मंडळी विरून गेली.

ताटाचा हा प्रश्न केवढा जळता होता, याचा पुरावा फिंडलेच्या आधी दहाएक वर्षांचा आहे. सप्टेंबर 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती, वय बाराच्या आसपास, त्याच्या पाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायमूर्ती पेरी यांनी मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, जेवला होता! त्याला परत जातीत घ्यावं की नाही यावरून मुंबई-पुण्याचा ब्रह्मवृंद दुभंगला. प्रायश्चित्त देऊन घ्यावं, असं म्हणत बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी त्यासाठी भरपूर शिव्याशाप सोसले. बाळशास्त्रींचं नाव आपण पत्रकार दिनाला घेतो. या एका पोरासाठी त्यांनी दाखवलेलं धैर्य मला ‘दर्पण’इतकंच मोठं वाटतं.

थोरला भाऊ, नारायण, पुढे स्कॉटिश मिशनचा पाद्री झाला आणि 1860 च्या दशकात जालन्याला आला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातलं, इंग्रज छावणीचं आणि व्यापाराचं गाव. नारायणरावांपुढचा पेच फिंडलेच्याच जातीचा होता. त्यांच्याकडे आलेली बहुतेक माणसं मातंग समाजातली. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या हातून गावची कामं आणि त्यावरचं बलुतं सुटणार, विहीर तर आधीपासूनच बंद. अशा माणसाच्या दारी जाऊन ‘मला जेवू घाला’ म्हणणं क्रूरपणा ठरला असता. नारायणरावांनी फिरता रिवाज उलटा केला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी शेकडो एकर जमीन सारामाफीने मिळवली आणि जालन्याबाहेर बेथेल नावाची वस्ती वसवली. घरं, विहिरी, शाळा, प्रार्थनामंदिर, कसायला शेत. जिथे कुणी पान वाढत नव्हतं, तिथे त्यांनी आधी चूल पेटेल अशी सोय केली.

नारायणराव फिरायचे थांबले नाहीत. 1873 मध्ये न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट पंथांची परिषद भरली, तिथे पांढऱ्या पागोट्यातले नारायणराव व्यासपीठावर उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मॉर्मन पंथ जन्मला त्याच राज्यात जालन्याचा मिशनरी परदेशी पाहुणा म्हणून बोलत होता. 1891 मध्ये ते वारले.

मॉर्मनांनीही पुढे थैलीचा नियम सोडला. विसाव्या शतकात तो मागे पडत गेला. आज मिशनरी आणि त्याचं घर आधी पैसे साठवतात आणि ठरलेली रक्कम दरमहा पंथाच्या निधीत भरतात, मग नेमणूक महागड्या शहरात असो वा स्वस्त गावात. जोडीचा नियम टिकला, भाकरीचा गेला. उलट यजमानाने पुढे केलेलं पहिलंच पेय त्यांना नाकारावं लागतं, कारण 1833 पासून चालत आलेल्या पथ्यात चहा-कॉफी वर्ज्य आहे. मराठवाड्यात ‘चहा घेत नाही’ म्हणणाऱ्या पाहुण्याला किती वेळा समजावून सांगावं लागत असेल!

आणि एवढ्या वर्षांनी हा पंथ निजामाच्या जुन्या राजधानीत रुजला, तो घरच्याच वाटेने. एडविन धर्मराजू आणि त्यांच्या पत्नी एल्सी सामोआ बेटांवर नोकरीनिमित्त असताना या पंथात गेले. हैदराबादला मिशनरी पाठवा, असं त्यांनी कळवलं, तर ती कामगिरी त्यांच्यावरच सोपवली गेली. डिसेंबर 1978 मध्ये दोघं आले आणि आप्तेष्टांमधल्या 22 जणांनी बाप्तिस्मा घेतला. जोडी होतीच, नवरा-बायकोची. पान कोण वाढणार हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. ते आपल्याच नात्यागोत्यात उतरले होते.

माझं मत असं, की या रिवाजाचा इतिहास फिरणाऱ्यांच्या डायऱ्यांतून जेवढा लिहिला गेला, तेवढा वाढणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेलेला नाही. फिंडलेच्या हालचाली तपशिलाने नोंदलेल्या सापडतात; पुण्यात त्याला पहिल्यांदा जेवू घालणाऱ्या घराचं नाव सापडत नाही. बेथेलबद्दलही स्कॉटलंडला गेलेले अहवाल आहेत, पण वस्तीत आलेल्या पहिल्या मातंग घरांनी मागे काय सोडलं, नवी विहीर कुणी खणली, पहिल्या पंगतीला कोण कोण बसलं, हे त्यांच्याच तोंडून आलेलं फार थोडं आहे. जालन्यातल्या महाविद्यालयांत इतिहास आणि मराठी शिकणारी मुलं आहेत. त्यांनी दोन-दोन करून बेथेलच्या जुन्या घरांत जावं, आजी-आजोबांसमोर बसावं, चहा घ्यावा, आणि ते सांगतील ते नावानिशी लिहून काढावं.